दोन वीसची बस

उद्यासाठी सांगते, कागद हातात घ्या.
पहिली बस सहा पन्नासला.
थांबा खाली चर्चपाशी आहे, पण तुम्ही वर वळणावर उभे राहा.
खाली येईतो ती गच्च भरते
आणि ड्रायव्हर नुसता हात हलवून पुढे जातो.
तिकीट आज रात्रीच घ्या, तंबाखूच्या दुकानातून.
सकाळी दुकानदार कॉफी पोटात गेल्याशिवाय
सख्ख्या भावालाही ओळखत नाही.
अमाल्फीकडे जाताना उजवीकडची खिडकी.
मळमळत असेल तर डावीकडची,
लिंबांवरच्या काळ्या जाळ्यांना डोळे लावून.

गाडी भाड्याने घेऊ नका, हात जोडते.
हा रस्ता म्हणजे डोंगराच्या कमरेचा करगोटा.
दोन बस समोरासमोर आल्या की एकीने मागे सरायचं,
तिच्यामागे चाळीस गाड्यांनी,
त्यात एक लग्नाची, फुलांनी मढलेली,
आत नवरी घामाने भिजलेली.

पोसितानोला बोटीने जा. नऊ दहाची.
समुद्र उठलेला असला तर धक्क्यावरच्या फळीवर
खडूची आडवी रेघ असते.
ती दिसली की भांडू नका, परत या, मी वांगी तळून ठेवते.

आणि अमाल्फीहून परतीची दोन वीसची बस,
तिच्यापुढे मी लिहिलंय: नाही.
ती येत नाही.
तुम्ही पाचची धरा.
तोवर सावलीत बसा, सरबत प्या,
मोठ्या चर्चच्या पायऱ्या मोजा.
प्रत्येकाची मोजणी वेगळी निघते.

ती येते.
रोज येते, चार मिनिटं इकडे-तिकडे.
मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी
पान्तालेआ मावशी सालेर्नोहून डायलिसिस करून
अमाल्फीला उतरते, आणि हीच बस पकडते,
कोपरात कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.
गेल्या जुलैत तिच्यासमोरून तीन बस भरून गेल्या.
तिसरी माझा मावसभाऊ कातेल्लो चालवत होता.
म्हणाला, आरशात दिसली मला,
पण दार उघडलं असतं तर
आतल्या गवती टोप्या रस्त्यावर सांडल्या असत्या.
मावशी बंद बँकेच्या पायरीवर बसली,
चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या,
घरी पोचल्यासारख्या.

त्या रात्री मी दोन वीस खोडलं.
मग वरच्या आळीतल्या लुचेत्ताने,
मग खालच्या दोन्ही हॉटेलांनी.
कुणी कुणाला विचारलं नाही.
माझं छप्पर याच टोप्यांच्या पैशांनी शाकारलंय,
हेही खरं, आणि ते मी कुठे लिहीत नाही.

मे महिन्यात रॉटरडॅमचे होइटेमा आले.
चाळीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं बसवलेला माणूस,
मिठाची बरणीसुद्धा टेबलाच्या कडेशी समांतर ठेवणारा.
कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.
गुरुवारी दुपारभर तो अमाल्फीच्या थांब्यावर
घड्याळ मांडीवर घेऊन बसला होता,
असं कातेल्लोनेच सांगितलं.
बस आली. हा उठला, दारापर्यंत आला.
पुढे मावशी, तिची पिशवी, तिचा सावकाश पाय.
हा मागे सरला, परत जाऊन बसला.

संध्याकाळी जेवताना एक शब्द नाही.
मी दोनदा सूप वाढलं, उगाच.
सकाळी ते गेले, आणि कपाखाली माझा कागद,
पेन्सिलीने दुरुस्त केलेला:
बोट नऊ दहाची नव्हे, नऊ पाचची.
सहा पन्नासची रविवारी सात वीस.
सोरेन्तोचं अंतर चुकलंय.
समुद्र या शब्दाखालीसुद्धा एक बारीक प्रश्नचिन्ह.

फक्त दोन वीसच्या ओळीला हात लावलेला नव्हता.
'नाही' जरा पुसट झालं होतं,
ते त्यांनी गिरवलं होतं.